मुंबईत नवजात बाळाचा डॉक्टर शोधताना: आधी एनआयसीयू बघा, मग नाव

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज हमखास पडतो, "कोणी चांगला पेडियाट्रिशियन सांगा ना प्लीज, सुनेची डेट जवळ आलीय", आणि दहा मिनिटांत डझनभर नावं येतात, प्रत्येकापुढे "आमच्या दोघांचे हेच, हाताला गुण आहे". नावं चांगलीच असतात हो. पण ती सर्दी-ताप-लसीच्या डॉक्टरांची असतात. बाळ जन्मल्यावर रडलंच नाही किंवा बत्तिसाव्या आठवड्यातच बाहेर आलं तर हाताला गुण असलेले ते डॉक्टर त्या रात्री बोरिवलीला घरी झोपलेले असतात आणि तुम्ही दादरला.

मी बरीच वर्षं एका हॉस्पिटलात मेडिक्लेम डेस्कला होते. डॉक्टर नाही मी, पण एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकड्यावर काय काय चालतं ते भरपूर पाहिलंय, आणि नात्यात कुठे गोड बातमी असली की फोन मला येतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. सगळ्यात आधी एक डोक्यात ठेवा: रात्री तीन वाजता बाळाजवळ कोण उभं असेल ते शोधायचंय, डॉक्टरचं नाव त्यानंतर.

आता कोण काय असतं ते पटकन. निओनॅटॉलॉजिस्ट म्हणजे नवजात शिशुतज्ज्ञ, जन्मापासून पहिल्या २८ दिवसांच्या बाळांचं ज्याचं खास शिक्षण झालंय तो. तो आधी बालरोगतज्ज्ञ असतोच, एमडी किंवा डीएनबी पेडियाट्रिक्स, आणि त्याच्यावर तीन वर्षांचं डीएम किंवा डीआरएनबी निओनॅटॉलॉजी. काहींनी डीएम केलेलं नसतं पण नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमची वगैरे फेलोशिप असते आणि मोठ्या एनआयसीयूत वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, अशांना नुसतं डीएम नाही म्हणून बाद करू नका, जुन्या लोकांच्या वेळी डीएमच्या जागाच मोजक्या होत्या. डीसीएच हा बालरोगाचा दोन वर्षांचा डिप्लोमा, पुढे मोठ्या बाळाच्या रोजच्या तक्रारींना हे डॉक्टर उत्तम असतात. पण बोर्डावर 'न्यूबॉर्न स्पेशालिस्ट' लिहिलंय आणि खाली पदवी फक्त एमबीबीएस, डीसीएच असेल तर विचारायचं, की डॉक्टर निओनॅटॉलॉजीचं ट्रेनिंग कुठे केलं आणि किती वर्षं. यात लाजायचं काही नाही, चांगले डॉक्टर आनंदाने सांगतात. प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर छापलेला असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकला की नाव आणि नोंदवलेली पदवी दिसते. एवढं चेक करायला रिक्षाच्या रांगेत उभं असताना सुद्धा वेळ मिळतो.

सगळ्यांना निओनॅटॉलॉजिस्ट लागतोच असं अजिबात नाही हं. नऊ महिने भरलेत, बाळाची वाढ बरोबर आहे, आईला शुगर-बीपी काही नाही, तर डिलिव्हरीला एक अनुभवी बालरोगतज्ज्ञ हजर असला आणि जवळपास कुठला एनआयसीयू आहे हे ठरलेलं असलं की पुरे. जुळी-तिळी असतील, आईला प्रेग्नन्सीतली शुगर किंवा बीपी असेल, सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी दिसत असेल किंवा हृदयात-किडनीत काही वेगळं दिसलं असेल, आईचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असून अँटिबॉडीज निघाल्या असतील, आधीचं बाळ खूप लवकर झालं असेल किंवा गेलं असेल, पाणी वेळेआधी सुटलं असेल, तर मात्र थांबू नका. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ, त्यातही ३४च्या आत असेल तर तयारी पाहिजे, आणि ३२च्या आत किंवा दीड किलोच्या खाली असेल तर मोठा, सगळ्या सोयींचा, लेव्हल थ्री म्हणतात तसा एनआयसीयूच पाहिजे, तिथे तडजोड नको.

शोधायला सुरुवात कधी करायची? अनॉमली स्कॅन, म्हणजे पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी, झाली की तेव्हापासून कान उघडे ठेवा, आणि रिस्क असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आधी सगळं ठरलेलं असू द्या. आपल्याकडे काय होतं, सातव्या महिन्यात ओटीभरण दणक्यात होतं, हॉल बुक, केटरर बुक, फोटोवाला बुक, आणि बाळाचा डॉक्टर कोण तर "गायनॅक बघतील ना ते". गायनॅक बघतात, नाही असं नाही. पहिला प्रश्न त्यांनाच विचारा, पण असा विचारा: "डॉक्टर, बाळाला काही झालं तर तुम्ही कुठे पाठवता? तिथले कोण येतात? डिलिव्हरीच्या वेळी ते खोलीत असतात की फोन केल्यावर निघतात?" गायनॅक आणि बाळाचे डॉक्टर यांची जोडी जुनी असते, एकमेकांच्या कामाची सवय असते, आणि ही जोडी जमलेली असणं फार कामाचं. म्हणून तुमच्या आवडीचा वेगळाच निओनॅटॉलॉजिस्ट आणून त्या हॉस्पिटलात उभा करायचा हट्ट करू नका, बहुतेक हॉस्पिटलं बाहेरच्या डॉक्टरला येऊ देत नाहीतच. त्यापेक्षा जिथे ते डॉक्टर आहेत तिथेच डिलिव्हरी करा.

हे महत्त्वाचं आहे. डॉक्टर लोकांत एक बोलणं आहे की बाळासाठी सगळ्यात चांगली अँब्युलन्स म्हणजे आईचं पोट. बाळ लवकर येणार असं दिसत असेल तर आईलाच आधी मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं, जन्मल्यावर बाळाला हलवण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. शिवाय ३४ आठवड्यांच्या आत डिलिव्हरीची शक्यता असली की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून, आणि ती लागू पडायला थोडा वेळ लागतो. "अजून कळा कमी आहेत, सकाळी बघू" म्हणत घरी बसलं तर तो वेळ हातचा जातो.

आता एनआयसीयू कसा बघायचा. मुंबईत खूप ठिकाणी बिल्डिंगच्या खाली मेडिकल, मोबाइलचं दुकान, आणि पहिल्या मजल्यावर 'चिल्ड्रन्स हॉस्पिटल अँड एनआयसीयू' असा बोर्ड असतो. त्यातले काही खरंच फार चांगले असतात, काही नावालाच. बोर्डावरून काही कळत नाही, गूगलच्या स्टारवरून तर त्याहून नाही, तिथे लोक पार्किंग नाही म्हणून एक स्टार देतात आणि रिसेप्शनिस्ट गोड बोलली म्हणून पाच. जाऊन बघायचं, किंवा निदान फोन करायचा. फोनवर "रात्री डॉक्टर असतात का" विचारलंत तर समोरून "हो मॅडम, चोवीस तास" एवढंच येणार. म्हणून रात्री दहानंतर फोन करा आणि विचारा, "आत्ता एनआयसीयूत ड्युटीवर कोण आहे, त्यांचं शिक्षण काय, आणि मोठे डॉक्टर बोलावलं तर किती वेळात येतात?" समोरचा आरएमओ (ड्युटीवर हजर असणारा डॉक्टर) बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीचा आहे की पेडियाट्रिक्सचा माणूस आहे, हे त्या एका फोनमध्ये कळतं. रात्रपाळीला पेडियाट्रिक्सचा माणूस आणि वीस-पंचवीस मिनिटांत पोचणारा निओनॅटॉलॉजिस्ट असेल तर चांगलं. सगळा एनआयसीयू एकाच डॉक्टरच्या जिवावर असेल तर तो गावाला गेल्यावर कोण, हेही विचारा. मे महिन्यात आणि दिवाळीत हा प्रश्न फार खरा असतो.

मग मशिनं. व्हेंटिलेटर आणि सीपॅप (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) किती आहेत, आणि त्याहून मोलाचं म्हणजे किती रिकामे आहेत. सर्फॅक्टंट (अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात देतात ते औषध, एकेक व्हायल हजारोंत जाते) आत ठेवलेलं असतं की लागल्यावर मागवतात. छोट्या बाळाचं रक्त तपासायचं मशीन आत आहे का, पोर्टेबल एक्स-रे आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) तिथेच होतं का, बाळाचे सर्जन आणि हार्टचे डॉक्टर कोण येतात. नर्स किती आहेत हे मशिनापेक्षाही महत्त्वाचं. व्हेंटिलेटरवरच्या बाळाला एक नर्स, आणि बाकी बाळांत एकीकडे दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर ती बिचारी नुसती धावतच असणार. आणि लिफ्ट बघा. हसू नका, बाळाला ठेवतात ती काचेची पेटी (इन्क्युबेटर) आत मावत नाही अशा लिफ्टची हॉस्पिटलं या शहरात आहेत.

दारातून आत डोकवायला मिळालं तर बेसिन बघा. साबण आहे का, नळ कोपराने चालतो का, आणि आत जाणारा प्रत्येक जण, अगदी मोठे डॉक्टर सुद्धा, घड्याळ-अंगठ्या काढून कोपरापर्यंत हात धुतोय का. मी एका सिस्टरना एका सर्जनला दारातच अडवताना पाहिलंय, "सर, आधी हात". सर मुकाट्याने वळले. इतक्या लहान बाळांना जंतुसंसर्ग फार लवकर होतो, आणि तो बऱ्याचदा हातांवरूनच आत येतो, त्यामुळे डॉक्टरला अडवायची सिस्टरची हिंमत असणं ही त्या जागेची सगळ्यात मोठी खूण आहे असं माझं मत. दुसरी खूण म्हणजे आईला आत येऊ देतात का. काही ठिकाणी अजून काचेतूनच बघा, दिवसातून एकदा, असं चालतं. चांगल्या ठिकाणी आईला बसवतात, दूध काढायला शिकवतात, बाळ जरा स्थिर झालं की उघड्या छातीशी धरायला देतात, कांगारू केअर. आणि डॉक्टरच्या टेबलावर पावडरच्या दुधाच्या कंपनीचं कॅलेंडर किंवा पेनस्टँड दिसला तर मी तरी उठून निघेन. दवाखान्यांतून दुधाच्या डब्यांची अशी जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे.

आता मुंबईचा भूगोल, कारण इथे किलोमीटरला काही अर्थ नाही. नकाशावर घर ते हॉस्पिटल वीस मिनिटं, ही रविवारी सकाळची वेळ. तुमची डेट जुलैमध्ये असेल तर हिंदमाताला पाणी तुंबल्यावर परळला कसं पोचायचं ते आधीच बघा, केईएम आणि वाडिया ही दोन्ही हॉस्पिटलं त्याच पट्ट्यात आहेत. अंधेरी नाहीतर मिलन सबवे बंद झाला की वेस्टर्नला पूर्व-पश्चिम करणं म्हणजे दिव्य. आणि ऑगस्ट-सप्टेंबरची डेट असेल तर गणपतीतलं लालबाग-परळ तुम्हाला मी सांगायची गरज नाही. माहेरी जायची पद्धत असते, त्यातही हे बघा, माहेर बदलापूरला आणि नाव नोंदवलंय माहीमला, तर शेवटचा महिना माहीमजवळ काढा, आई इकडे येऊन राहील की. कर्जत लोकलमध्ये कळा सुरू झाल्या तर बातमी छान होते, बाळासाठी ते काही बरं नाही.

सरकारी-महापालिका हॉस्पिटलांबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. सायन, केईएम, नायर या मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत अगदी लहान, किलोभराची बाळं रोज सांभाळली जातात, चोवीस तास निवासी डॉक्टर हजर असतात, आणि इतकी बाळं हाताखालून गेल्याचा अनुभव खाजगीत क्वचितच मिळतो. सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आईला सुरुवातीला दूध येत नाही तिच्या छोट्या बाळाला दुसऱ्या आईचं तपासून, पाश्चराइज केलेलं दूध मिळतं. अडचण आहे ती गर्दीची. बेड भरलेले असतात, आणि साधारणपणे त्याच हॉस्पिटलात जन्मलेल्या बाळाला आधी जागा मिळते, बाहेरून आणलेल्याला थांबावं लागू शकतं. म्हणून तिथे जायचं असेल तर बाळ आणून उभं राहण्यापेक्षा आईचं नाव आधीच नोंदवा, केसपेपर काढा, दोन-चार तपासण्या तिथे करून घ्या. परळचं वाडिया हे लहान मुलांचं जुनं ट्रस्टचं हॉस्पिटल, शेजारीच त्यांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल. खाजगीत सांताक्रूझचं सूर्या आई-मुलांसाठी ओळखलं जातं, आणि बाकी मोठ्या हॉस्पिटलांत बहुतेक ठिकाणी एनआयसीयू आहेच, वरचे सगळे प्रश्न त्यांनाही विचारायचे, मोठं नाव आणि चकाचक लॉबी बघून सूट द्यायची नाही.

समजा सगळं ठरवूनही बाळ छोट्या नर्सिंग होममध्येच झालं आणि हलवायची वेळ आली. आमच्या भाच्याचं असंच झालं. पहाटे फोन, "मावशी, बाळाला धाप लागलीय, इथे एनआयसीयू नाहीये म्हणतात, कुठे बेड बघ ना." मी म्हटलं किती आठवडे, वजन किती, रडलं का लगेच, ऑक्सिजनवर आहे का. त्याला एकही माहीत नव्हतं, बिचारा बाहेर बाकड्यावर बसलेला. "आत जा, सिस्टरला विचार, कागदावर लिही, मग फोन कर." पाच मिनिटांनी केला, आणि मग मी जिथे जिथे फोन लावला तिथे आरएमओने नेमके हेच प्रश्न विचारले. तेव्हा हे लिहून ठेवा: आठवडे, वजन, जन्माची वेळ, रडलं की नाही, श्वास कसा आहे, ऑक्सिजन किती, आईला स्टेरॉइड दिलं का, ब्लड ग्रुप. हे हातात असलं की समोरचा डॉक्टर दोन मिनिटांत सांगतो, घेऊन या किंवा आमच्याकडे जमणार नाही.

अँब्युलन्स कुठलीही चालत नाही. बाळासाठीची पेटी, ऑक्सिजन आणि सोबत नवजात बाळ हाताळणारा डॉक्टर हवा. ज्या हॉस्पिटलात नेताय त्यांची टीम न्यायला येत असेल तर तेच सगळ्यात उत्तम, आधी ते विचारा. काहीच जमलं नाही तर १०८ आहे, फुकट. निघताना बाळाचं डोकं टोपीने झाका, गार पडलेलं बाळ पोचेपर्यंत अजून आजारी होतं. रेफरल चिठ्ठी, आईच्या रक्ताचा नमुना, आणि निघालं असेल तर आईचं पहिलं चिकाचं दूध बरोबर द्या, आणि एक माणूस आईजवळ ठेवा. सगळं घर बाळामागे धावतं आणि टाके पडलेली आई एकटी खोलीत रडत असते, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू.

पैशाचं बोलूया, हा माझा विषय. मेडिक्लेममध्ये नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे की ९० दिवसांनंतर, हे पॉलिसी काढून आजच बघा. घरच्या साध्या पॉलिसीत बऱ्याचदा ९० दिवसांनी असतं, म्हणजे एनआयसीयूचा सगळा खर्च अंगावर. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक पहिल्या दिवसापासून असतं, पण कधीकधी ते मॅटर्निटीच्या छोट्या लिमिटमध्येच कोंबलेलं असतं, सिझेरियननेच ते संपतं, मग बाळाला उरतं काय. एचआरला लेखी विचारा, आणि जन्मल्यावर किती दिवसांत कळवायचं तेही विचारून ठेवा. नवरा-बायको दोघांच्या कंपन्यांची पॉलिसी असेल तर ज्याची बरी त्यातून घाला. अजून एक, आणि हे मी डेस्कवर इतक्यांदा पाहिलंय: एनआयसीयूत बाळाला नाव नसतं, फाइल 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव अशी निघते, आणि आईचं आधार माहेरच्या नावाचं, पॉलिसी सासरच्या नावाची, केसपेपरवर तिसरंच काहीतरी. क्लेम अडकतो. मेडिक्लेम डेस्कवाला सुद्धा काही करू शकत नाही, मग मॅरेज सर्टिफिकेट शोधायला बाबा घरी पळतात. सातव्या महिन्यातच सगळीकडे एक नाव करून घ्या.

हॉस्पिटलला विचारताना "दिवसाचे किती" एवढंच विचारू नका. व्हेंटिलेटरवर असताना किती आणि नुसतं पेटीत ठेवल्यावर किती, औषधं-तपासण्या त्यात धरून की सोडून, डिपॉझिट किती, हे वेगवेगळं विचारा. झेपणार नसेल तर गप्प बसू नका, पहिल्याच दिवशी तिथल्या सोशल वर्करला भेटा. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवावे लागतात, दाद मागायची तर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस वरळीला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या हॉस्पिटलात आहे का ते बघा, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार यांच्या झेरॉक्स काढूनच ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक ट्रस्ट यांचेही अर्ज लोक करतात, पण त्याला डॉक्टरचं खर्चाचं पत्र लागतं आणि वेळ लागतो, तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी धावण्यात अर्थ नाही.

बाळ आत असताना डॉक्टर बरा की नाही कसं ओळखायचं? रोज ठरलेल्या वेळी भेटतो का, आणि साध्या भाषेत सांगतो का, यावरून. वजन काल किती, आज किती, दूध किती मिली, ऑक्सिजन वाढवला की कमी केला, अँटिबायोटिक का चालू आहे आणि कधी थांबणार, हे चार प्रश्न रोज विचारा आणि वहीत लिहा. घरातून एकाच माणसाने बोलावं, आत्या-काका-मामा सगळ्यांनी वेगवेगळं जाऊन विचारलं की डॉक्टरही वैतागतात आणि घरात पाच वेगळ्या बातम्या फिरतात. सेकंड ओपिनियन घ्यायचं असेल तर बाळ उचलून न्यायची गरज नाही, समरी आणि रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या निओनॅटॉलॉजिस्टला दाखवा, दोन डॉक्टरांना फोनवर बोलू द्या. कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा डॉक्टरांना नियम आहे. "विश्वास नाही का आमच्यावर" असं कोणी म्हणालं तर शांतपणे पुन्हा मागा. रागाच्या भरात सही करून बाळ घेऊन जाणं मात्र कधीही नको.

ज्यांचं बाळ छान, वेळेवर झालं त्यांनी सुद्धा घराजवळचा एक बालरोगतज्ज्ञ नक्की करून ठेवा, आणि डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांत दाखवा, कारण कावीळ त्याच दिवसांत वाढते. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. सकाळच्या उन्हात धरणं हा उपाय नाही, आजी कितीही म्हणाल्या तरी. बाळ अंगावर ओढत नाही, उठवलं तरी उठत नाही, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय, ओठ निळे पडलेत, झटके येतायत, हिरवी उलटी झाली, अंग गार पडलंय किंवा ताप ३७.५ सेल्सिअसच्या वर आहे, तर क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही, सरळ एनआयसीयू असलेल्या हॉस्पिटलात. दोन आठवडे झाले तरी कावीळ आहे आणि शी पांढरट होतेय, हेही लगेच दाखवायचं. मालिशवाल्या मावशी बाळाची छाती पिळून दूध काढतात, त्यांना हात जोडून नाही म्हणा. मध, गूळपाणी, घुटी, काजळ, बेंबीला पावडर, काही नको.

आणि जे एनआयसीयूतून घरी येतात त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर दोन तारखा लिहून घ्या. एक डोळ्यांची: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा साधारण चार आठवड्यांच्या आत रेटिनाच्या डॉक्टरने बघायलाच हवा, फारच लहान असेल तर अजून आधी. उशीर झाला तर दिसणं कायमचं जाऊ शकतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दुसरी कानांची, पहिल्या महिन्यात. पुढे निओनॅटॉलॉजिस्टचा फॉलोअप चालू ठेवून लसी-सर्दीला जवळचे डॉक्टर चालतात, दोघांना एकमेकांचे कागद दाखवा म्हणजे झालं. लसी जन्मतारखेप्रमाणे वेळेवर द्यायच्या, बाळाचं वजन डॉक्टरांना चालत असेल तर. पण मान धरणं, पालथं पडणं हे डेटपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला चार महिन्यांच्या हिशोबाने बघायचं, हे शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे "अजून पालथा पडत नाही?" ऐकावं लागणार नाही.